ओठावर फुटलेला जर

आमचे हे धारेहून मला पहिल्यांदा सासरी न्यायला येणार, त्याच सकाळी मी ओठावर फुटलेल्या जराला, म्हणजे तापानंतरच्या फोडाला, पानाच्या डब्यातला चुना फासला. पायाच्या गळवाला चुना चालतो, मग ओठानं काय घोडं मारलंय, असं माझं शहाणपण! ओठ भज्यासारखा फुगला. आता सासरचे म्हणणार, मुलीला रोग आहे.

देवासला आमच्या शेजारी एक काकू होत्या. त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून बोलायच्या, तेही दोनदोनदा: "येते गं बाई, येते." त्या दिवशी मात्र त्यांनी माझा ओठ पाण्यानं धुतला, ज्येष्ठमध तुपात उगाळून लावलं आणि मी खाजवू नये म्हणून माझे दोन्ही हात धरून जमिनीवर बसल्या. गुडघे सारखे हलत होते, पण उठल्या नाहीत.

यांची बैलांची दमणी दारात थांबली, तशा त्याच पुढे झाल्या. "जावईबापू, माझं तिखट लोणचं बाधलं हो पोरीला, माझंच."

मग आत येऊन माझ्या कानाशी लागल्या.

"खोटं बोलले गं तुझ्यासाठी, खोटं बोलले. आता फोड सुकेपर्यंत तू हात लावू नकोस, आणि त्यांना तोंड लावू देऊ नकोस!"