पश्चिमेची भिंत

अकोल्याच्या उन्हात आमची पश्चिमेची भिंत भट्टीसारखी तापायची. "अहो, हिला बाहेरून काहीतरी लावून घ्या ना," शोभा म्हणायची. मी दरवर्षी "पुढच्या उन्हाळ्यात बघू" म्हणत राहिलो. यंदा लावून घेतलं, ती गेल्यावर. ज्याच्यासाठी घर सुधारायचं, ते माणूस असेपर्यंत आपलं काम काही निघत नाही.

थर्माकोलच्या जाड शीट चिकटवताना गवंडी दाराशेजारी थांबला. "काका, हे छापे झाकायचे?"

गृहप्रवेशाला शोभाने उमटवलेले कुंकवाचे हात. रंग देताना दरवेळी तेवढी जागा सोडलेली.

"झाका," मी म्हणालो.

आता घर गार असतं. ती गेल्यापासून दिवस मावळला की मी त्या छाप्यांवर हात ठेवायचो. भिंत बराच वेळ उबदार असायची. काल सवयीने ठेवला. थर्माकोलवरचं नवं प्लास्टर केव्हाच निवलं होतं.