एका तासाच्या टेपमधली आई

आमच्या घरात कुठलीही वस्तू बंद पडली की ती माझ्यासमोर आणून ठेवतात, कारण मी वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं मशीन दुरुस्त केली. माझा हात लागला की ती वस्तू सहसा कायमची बंद पडते, पण घरातला माझा मान काही कमी होत नाही. त्यामुळे दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जुना व्हिडिओ कॅमेरा निघाला, तोही माझ्यासमोर आला. या वेळी आणून ठेवणारी आई होती. सोबत तिची पाटी होती आणि पाटीवर लिहिलं होतं, "यात माझा आवाज आसंल का?"

आईच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा वर्षं झाली. तिचं स्वरयंत्रच काढावं लागलं. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलते, आणि लिहिते तेही पूर्वी बोलायची तसंच, थेट करमाड गावच्या भाषेत. इतक्या वर्षांत तिनं आवाजाबद्दल एकदाही कुरकुर केली नव्हती. आता म्हणे आपला आवाज कसा होता तेच तिला आठवेना. मला तो चांगला आठवतो, असं मी ठासून सांगितलं. खरं तर मलाही आठवत नव्हता, आणि त्याची मला लाज वाटली.

कॅमेऱ्यात एकच टेप होती, आमच्या गारखेड्याच्या घराच्या वास्तुशांतीची. बाकीच्या टेपांवर मी नंतर कारखान्यातल्या मशीनच्या ट्रायल शूट केल्या होत्या, कारण नवी टेप विकत घेणं म्हणजे उधळपट्टी. वास्तुशांतीची सीडी त्या वेळी एका स्टुडिओवाल्यानं करून दिली होती. त्यानं त्यात गुरुजींना बदामाच्या आकारात गोल फिरवलं होतं आणि लोकांचे आवाज काढून टाकून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी घातली होती. तेव्हा आम्ही त्यालाच एडिटिंग म्हणायचो आणि वर त्याचं कौतुकही करायचो. म्हणजे आवाज असलाच तर तो त्या एका टेपमध्येच होता.

मी लॅपटॉप घेतला, कॅमेऱ्याची यूएसबी वायर लावली. लॅपटॉपनं कॅमेरा ओळखला. मी बायकोकडे असं पाहिलं की तिला चहा ठेवावाच लागला. मग स्क्रीनवर चार फोटो उघडले. चारही फोटो माझ्या जुन्या स्कूटरचे होते. इंटरनेटवर दोन तास घालवल्यावर समजलं की यूएसबीतून फक्त फोटो येतात. टेपमधलं चित्र यायला फायरवायर नावाची वेगळी वायर लागते, आणि तिचं भोक आजकालच्या लॅपटॉपला नसतं. तंत्रज्ञान पुढे जातं म्हणतात ते असं.

शहागंजातल्या एका रिपेअरवाल्या मियांनी ड्रॉवरमध्ये हात घालून ती वायर काढून दिली, आणि जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवायचं कार्डही. जुना कॉम्प्युटर आमच्याकडे होता. बायको तो भंगारात द्यायला निघाली होती तेव्हा मी "लागेल कधीतरी" म्हणालो होतो. आता लागला म्हटल्यावर मी ते वाक्य तिला दिवसातून तीनदा ऐकवलं.

कार्ड बसलं, वायर जोडली, आणि स्क्रीनवर आई दिसली. माझा ऊर भरून आला. मग लक्षात आलं की पडद्यावरच्या आईच्या अंगावर आजचाच निळा गाऊन आहे. कॅमेरा प्लेवर टाकायचा सोडून मी रेकॉर्डिंगवर टाकला होता आणि तो समोर बसलेल्या आईलाच दाखवत होता. तिनं पाटी वर धरली. "मी हितंच हाय."

बटण फिरवलं. आता टेप फिरायला लागली, पण चित्राच्या सगळ्या चौकटी चौकटी झाल्या. टेप वाचणारं हेड साफ करायची कॅसेट मिळवली, फिरवली, आणि शेवटी वास्तुशांती दिसू लागली. होमाचा धूर, केळीचे खांब, माझे काळे केस. फक्त आवाज नव्हता. कॅमेऱ्याचा स्वतःचा स्पीकर कधीच गेला होता, आणि कॉम्प्युटरचे स्पीकर मुके. मी स्पीकर बदलले, वायर उलटसुलट केल्या, टेप उतरवून घ्यायचा कॅप्चरचा प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. प्रत्येक वेळी तासभराची टेप उतरवायची, आवाज नाही म्हणून फाइल डिलीट करायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. आई रोज शेजारी येऊन बसायची. टेप जुनी, प्रत्येक फेरीला करकरायची, आणि ती करकरली की आईचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट व्हायचा. तिसऱ्या दिवशी टेपचा आवाजच गेला असावा असं मी जाहीर केलं. आई पाटी घेऊन उठून गेली.

मी कार्ड परत करायला मियांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साब, टेप उतारते टाइम आवाज आताच नै. फाइल खोलके सुने क्या?"

"नाही. डिलीट केली. तीनदा."

"कायकू?"

वाळूजला पोरांना मी तीस वर्षं सांगत आलो की मशीन बंद करून आधी माल तपासा, मग बोंबला.

घरी येऊन चौथ्यांदा टेप उतरवली आणि फाइल उघडली. आवाज होता. मंत्र, भांड्यांचा खणखणाट, कुणाचं तरी रडणारं पोर. आई खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसली. चाळिसाव्या मिनिटाला ती स्क्रीनवर आली, हिरव्या साडीत, ताट घेऊन, लगबगीनं. तोंड उघडून म्हणाली, "आरं, त्या पाव्हण्यायला च्या दे..."

तेवढ्यात अगदी माइकजवळून माझा आवाज आला. "आई, गप्प बस ना जरा. शूटिंग चालूये."

"बरं बाबा, नाय बोलत."

आणि ती खरंच बोलली नाही. पुढची वीस मिनिटं ती टेपमध्ये सगळ्यांना हातानंच सांगत होती, आज सांगते तसंच. टेप संपली. दुसरीकडे कुठे तिचा आवाज नव्हता.

बायको आत गेली. मला तोंड लपवायला जागा नव्हती. आईचे खांदे हलताना दिसले तेव्हा मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. तिनं बोटानं खूण केली, परत लाव. मी लावलं. तिनं ते सात वेळा ऐकलं. दर वेळी आधी मी तिला गप्प करायचो, मग ती बोलायची.

शेवटी मीच म्हणालो, "आई, माझा आवाज कापून टाकतो. तुझंच वाक्य तेवढं ठेवतो."

तिनं पाटी घेतली, सावकाश लिहिलं आणि माझ्यापुढे धरली.

"ऱ्हाऊ दे. तुझा काढला तर मी कुणाशी बोलते ते कसं कळंल?"