बासरीपर्यंत आलेला सरदार

काका गेल्याचं मला काकांच्याच फोनवरून कळलं. रविवारी सकाळी स्क्रीनवर त्यांचं नाव आलं आणि मी सवयीनं त्यांच्याच आवाजात फोन उचलला, "बोला सरकार! जिवंत आहे नं बे?" पलीकडे काकू होत्या. त्या म्हणाल्या, "नाही रे. झोपेतच गेले." तेव्हापासून माझी मिमिक्री बंद आहे. बार्शीच्या शाळेत हेडसरांपासून मधल्या सुट्टीच्या घंटेपर्यंत सगळ्यांची नक्कल करणारा मी, आता व्हॉइसमेलही घाबरत ठेवतो.

काका म्हणजे दिवाकरकाका, मूळ नागपूरचे, ऑफिसात आम्हाला सगळ्यात सीनियर. ओहायोतल्या डब्लिनहून आम्ही तिघं ऑफिसला एकाच गाडीनं जायचो. ड्राइव्ह मी करायचो, मागे पुण्याची श्रुती लॅपटॉप घेऊन, पुढे काका. बसल्या बसल्या त्यांचा सीट हीटर फुल, मे महिन्यातसुद्धा. "ओहायोचा काही भरवसा नाही बे!" आणि फ्रीवेला लागलो की त्यांच्या जपानी सरदाराची गोष्ट सुरू. तिकडच्या यादवीच्या काळातला हा माणूस. डोंगराळ मुलूख, चारी बाजूंनी वैरी. यानं सख्ख्या बापाला हाकलून गादी घेतली, आणि यानंच नदीला असे बांध घातले की पुरात गावं वाचली. एका शेजाऱ्याशी त्याच त्या मैदानावर पुन्हा पुन्हा लढला, पण याच्या मुलखात मीठ मिळेना तेव्हा त्याच शेजाऱ्यानं मीठ पाठवलं.

"काका, हे फेक वाटतंय हं," श्रुती म्हणाली.

"तू पुण्याची. तुला शेजाऱ्यानं पाठवलेलं मीठ फेकच वाटणार!"

गूगल करायला बंदी होती. ऑफिसचं पार्किंग आलं की गोष्ट जिथे असेल तिथे थांबायची. शेवटच्या शुक्रवारी सरदार राजधानीकडे निघाला होता, अंगात ताप, वाटेत एका किल्ल्याला वेढा, आणि आतून कुणीतरी बासरी वाजवत होतं... आणि पार्किंग आलं. "बाकीचं सोमवारी."

काका गेल्यावर पहिल्यांदा दोघंच ऑफिसला निघालो, तेव्हाही श्रुती मागेच बसली. "पुढचं तू सांग ना यार, त्यांच्या आवाजात." मी रेडिओ लावला. बंद केला. लेन बदलली, परत बदलली. एक्झिट चुकली.

गेल्या आठवड्यात काकांची लायब्ररीची पुस्तकं परत करायला काकूंना घेऊन निघालो. त्या पुढे बसल्या. "सरदाराचं कुठवर आलं होतं रे?"

"बासरीपर्यंत. तुम्हाला पुढचं माहितीये?"

"अरे, आधी माझ्यावर प्रॅक्टिस व्हायची!" मग त्यांनीच सांगितलं. सरदार त्याच मोहिमेत गेला. जाताना म्हणाला, मी गेल्याचं तीन वर्षं कुणाला कळू देऊ नका. त्याच्यासारखा दिसणारा भाऊ त्याच्या जागी बसायला लागला. बाहेरचे दूत त्यालाच भेटून, मुजरा करून जायचे.

"दूतांचं जाऊ दे," काकू म्हणाल्या. "घरातल्यांना त्या भावाकडे बघून काय वाटत असेल, हे मी ह्यांना विचारायची. सांगता यायचं नाही त्यांना."

"काय वाटत असेल?"

"त्या दिवशी फोनवर तुझा आवाज आला ना... क्षणभर बरं वाटलं रे."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न मारला. मी गाडी पुढे काढली.

"तर काय झालं नं भाऊ," मी म्हणालो, त्यांच्या आवाजात, "नदीवरचा बांध तेव्हा अर्धाच झाला होता..."

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. लायब्ररीचं वळण मागे गेलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि सीट हीटर फुल केला.