ती असेल तिथं न म्हणायचं गाणं

बॅबिन विद्यापीठात जायला लागली आणि किनाऱ्यावरच्या गावांना हसायला विषय मिळाला. मासळीच्या कारखान्यातून ती निवृत्त झाली होती, नवरा फेस्टी आदल्या वर्षी गेला होता, आणि आता ही बाई दप्तर घेऊन गॉलवे शहराच्या बसमध्ये. शेजारची नॅन दर गुरुवारी बाजाराला जायची. ती मुद्दाम तिच्याजवळ येऊन बसे.

"या वयात आयर्लंड शिकायला चाललीस! इतकी वर्षं राहत कुठं होतीस गं?"

"कारखान्यात. तिथून दिसत नाही."

"खरं सांग, नवरा बघायला जातेस."

"पोरं चिक्कार आहेत तिथं. पण एकालाही धड मासा साफ करता येत नाही."

नॅन खदाखदा हसायची आणि बॅबिन खिडकीबाहेर बघायची. दगडी कुंपणं, त्यांच्या मधली ओली शेतं, आणि त्यापलीकडे ती खाडी. खरं कारण तिनं नॅनलाही सांगितलं नव्हतं.

तरुणपणी तिचं बर्तलाशी ठरलं होतं. ईस्टरआधीचा उपासाचा काळ लागण्यापूर्वी लग्न व्हायचं होतं. त्याआधीच्या नोव्हेंबरात खतासाठी कापलेल्या समुद्री शेवाळानं भरलेली त्याची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. होडी सापडली, तो सापडला नाही. त्याच हिवाळ्यात गावच्या शिंप्यानं त्याच्यावर गाणं रचलं. गाणं चांगलं असावं, कारण ते बेटांपर्यंत गेलं. पण बुडालेल्याचं गाणं त्याच्या माणसांसमोर म्हणायचं नाही, एवढी चाड तिथं प्रत्येकाला असते. बर्तलाची आई वारली, भाऊ बोस्टनला गेले. त्याचं माणूस म्हणून गावात उरली ती बॅबिन. ती दारूच्या गुत्त्यात शिरली की कोपऱ्यातला सूर मध्येच तुटायचा. कुणी खोकायचं, कुणी हवेची चौकशी करायचं. अख्ख्या गावाला पाठ असलेलं ते गाणं तिनं कधीच ऐकलं नव्हतं.

फेस्टीचा गळा गोड होता. माळावर तो जळणासाठी दलदलीतल्या जळाऊ मातीच्या विटा कापत असायचा आणि ती चहाची बाटली घेऊन चढ चढत यायची. वाऱ्यावर सूर ऐकू यायचा. ती जवळ पोचेपर्यंत तो गप्प झालेला असे.

"काय म्हणत होतास?"

"काही नाही. कुदळीला शिव्या देत होतो."

पुढं फेस्टी गेला. एका सकाळी रेडिओवर कुणी बोलताना तिनं ऐकलं, की विद्यापीठात आयरिश साहित्य आणि इतिहास शिकवतात, त्यात किनाऱ्यावरची बुडालेल्यांची गाणीसुद्धा असतात. विद्यापीठाला कुणाची चाड असणार? तिनं अर्ज केला. मुलाखतीत म्हणाली, इतिहासाची आवड आहे.

इतिहास तिनं ऐकून घेतला. जुने राजे, बटाट्यांचा दुष्काळ, जमिनीसाठीची भांडणं. जमिनी गमावलेल्या घराण्यांवर कवींनी केलेले विलाप वाचताना मात्र ती थबकायची. या लोकांनी सगळं गमावलं, पण त्यांचं रडणं त्यांच्या कानांवर तरी पडलं. आपलं रडणं आपल्यामागं गावभर फिरलं, फक्त आपल्या दारात आलं नाही. असलं काही ती निबंधात लिहीत नसे.

शेवटी बुडालेल्यांच्या गाण्यांचा गुरुवार आला. शिकवायला मॅकडारा होता, तिच्याच खाडीपलीकडच्या गावचा, चाळिशीचा. त्यानं उत्तरेकडचं एक गाणं ऐकवलं, दक्षिणेकडचं एक, बेटांवरचं एक. बॅबिननं हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. मग त्यानं घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहायचं टाळलं, आणि वर्ग सुटला.

मुलं पांगल्यावर ती टेबलापाशी गेली.

"आमच्या खाडीचं राहिलं, मास्तर."

"राहिलं नाही, बॅबिन. ठेवलं." तो फळा पुसत होता. "तुम्ही बसलेल्या असताना कसं लावणार?"

"अरे देवा. इथंही?"

"इथं म्हणजे? मी काय आभाळातून पडलोय?"

"त्यासाठीच नाव घातलं मी इथं. दुष्काळाबद्दल मला ऐकायचं काय बाकी होतं, पोरा?"

मॅकडारानं डस्टर खाली ठेवलं. "ध्वनिमुद्रण आहे. लावून देतो. मी बाहेर थांबतो."

"मशीनला हात नसतो," बॅबिन म्हणाली. "तुला येतं ना?"

"वडिलांनी शिकवलं. पहिली गोष्ट काय सांगितली ठाऊक आहे? ती बाई खोलीत असेल तर तोंड उघडायचं नाही."

"मग ती बाईच सांगतेय. उघड."

ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि तिनं हात पुढं केला. त्यानं तो धरला. डोळे मिटून, तोंड भिंतीकडे वळवून तो गाऊ लागला आणि बॅबिन, तिकडं ऐकणारा गाणाऱ्याचा हात धरून फिरवतो तसा, त्याचा हात हळूहळू, गोल फिरवत राहिली.

गाण्यात होडी आली, वारा आला, दारात उभी राहिलेली आई आली. बर्तलाचे खांदे आले. ते खांदे ती विसरली होती. "शाब्बास रे," ती पुटपुटली. मग एका जागी त्याचा हात जड झाला, आवाज अडला.

"थांबू नकोस."

त्या कडव्यात ती होती. धक्क्यावर उभी, लग्नाचं कापड न कापलेलं. दुसऱ्या कुणाचा हात धरणार नाही म्हणत होती. भरती आली, ओहोटी आली, ती तिथंच.

गाणं संपलं तरी तिनं हात सोडला नाही.

"म्हणून लपवलंत होय. मी फेस्टीशी लग्न केलं म्हणून."

"शिंप्याला काय माहीत पुढचं. त्यानं त्या हिवाळ्यात लिहिलं."

"फेस्टीला येत होतं?"

"माझ्या वडिलांनी ते फेस्टीकडूनच घेतलं," मॅकडारा म्हणाला.

परतीच्या बसमध्ये नॅन पिशव्या घेऊन आधीच बसली होती. "काय शिकवलं आज पंडितांनी?"

बॅबिन खिडकीबाहेर बघत राहिली. स्पिडल गाव मागं पडलं, उजेड कमी होत गेला, डावीकडे पाणी दिसू लागलं. गाण्यातली ती धक्क्यावरची पोरगी अजून तिथंच होती आणि तिला ना कारखाना ठाऊक होता, ना फेस्टीची चहाची बाटली. बॅबिनला तिचा हेवा वाटला, आणि लगेच माळावर वाकलेली फेस्टीची पाठ डोळ्यांपुढं आली. हेच म्हणायचा तो, माळावर एकटा. त्या कडव्याशी त्याचाही आवाज अडत असेल का? की तेवढं कडवं तो गाळत असेल?

तिनं खालच्या आवाजात सूर धरला. पहिली ओळ, दुसरी.

नॅनचं तोंड जागच्या जागी मिटलं. सवयीनं ती खोकलीसुद्धा. मग पिशव्या पायाशी ठेवून तिनं बॅबिनचा हात आपल्या हातात घेतला आणि गोल फिरवू लागली.

तिसऱ्या ओळीवर बॅबिन अडली. पुढचं तिला येत नव्हतं. नॅनला येत होतं.