अविवाबाईंची वजाबाकीची ओळ

अविवाबाई नागावकर यांना आमच्या समितीने दिलेली वागणूक कुठेतरी नोंदली गेली पाहिजे. इतिवृत्तात ती येऊ नये अशी व्यवस्था झालेली आहे. म्हणून येथे लिहितो.

बाई मूळच्या भायखळ्याच्या. लंडनच्या एका इस्पितळात त्यांनी एकतीस वर्षे रुग्णांच्या अपॉइंटमेंटी लावल्या. निवृत्तीनंतर, सदुसष्टाव्या वर्षी, वाचनालयातल्या वर्गात जाऊन त्या संगणकाच्या काळ्या खिडकीत आज्ञा टंकायला शिकल्या. आम्हा मराठी ज्यूंची येथील संख्या मोजकी. मृतांसाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात, आणि ते दहा जमवणे हेच आमच्या मंडळाचे मुख्य काम. त्यासाठी बाईंनी एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकासाठी आज्ञांचा छोटा संच, लिहिली. ती दिवंगतांच्या यादीतून हिब्रू तारीख घेई, तिची इंग्रजी तारीख काढी आणि एपीआयमार्फत, म्हणजे परवानगीची गुप्त किल्ली, 'की', दाखवून, मंडळाच्या ऑनलाइन कॅलेंडरात नोंद करी. तीत एक ओळ वजाबाकीची होती : तारखेतून एक दिवस वजा करून आदल्या दिवशीच्या सूर्यास्ताची वेळ घालणे. कारण आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, मध्यरात्री नव्हे. सहा वर्षांत एकही स्मृतिदिन चुकला नाही.

ऑक्टोबरात ऍरन अध्यक्ष झाला. तो एका वित्तसंस्थेत मोठ्या हुद्द्यावर आहे, बुद्धिमान आहे, आणि विचारण्याची त्याला सवय नाही. त्याने बाईंची की रद्द केली, यादी वजाबाकीविना स्वतःच कॅलेंडरात ओतली, आणि हे कोणालाही, मंडळाचा चिटणीस असलेल्या मलाही, कळवले नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी बाईंच्या स्क्रिप्टला उत्तर आले : ४०१, परवानगी नाही. त्यांनी मला बोलावून घेतले आणि इतर सभासदांप्रमाणे साधे कॅलेंडर उघडले. सायमन पेणकरांचा पहिला स्मृतिदिन गुरुवारी संध्याकाळी सातला लावलेला होता. वास्तविक तो बुधवारी सूर्यास्ताला सुरू होऊन गुरुवारी सूर्यास्ताला संपत होता. त्यांचा मुलगा अरी आईच्या सांगण्यावरून कार्डिफहून बुधवारीच यायचा होता. तो प्रार्थनेला उभा राहील आणि खोलीत दहा माणसे नसतील.

बाईंनी माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला.

"ऍरन, माझी की चालत नाही."

"आंटी, सिक्युरिटी रिव्ह्यू होता. जुने कीज सगळे रिव्होक केले. तुमचा तो ब्लॅक स्क्रीन पण रिटायर करा ना आता."

"मी झाले रिटायर, ते पुरे. सायमनअंकलचा दिवस उद्या सूर्यास्ताला लागतो. तू परवाचा लावलास."

"कॅलेंडरवर तर थर्सडे दिसतो."

"तुझ्या कॅलेंडरवर. सूर्याला तू इन्व्हाइट पाठवलं नव्हतंस."

"ओके, माझा मिस्टेक. सॅटर्डेला फिक्स करतो. मीटिंगमध्ये आहे, आंटी."

गुरुवारची चूक तो शनिवारी दुरुस्त करणार होता. तीही शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रामदिवस, मोडून.

बाईंनी सभासदांची जुनी यादी काढली आणि एकेक नंबर फिरवला. सूर्यास्त चार वाजून बारा मिनिटांनी, म्हणजे ऐन कचेरीच्या वेळेत. कोणी रजा टाकली, कोणी दुकान लवकर बंद करायचे कबूल केले. बुधवारी चारला सायमन यांच्या पत्नी ईवाबाई पेणकरांच्या घरी अरी धरून आम्ही नऊ पुरुष होतो. ईवाबाई सोडल्या तर दहावी व्यक्ती अविवाबाई. परंतु आमच्या रीतीत स्त्री मोजली जात नाही. ही रीत मी आयुष्यभर पाळली आहे. त्या दिवशी ती मला टोचली.

ईवाबाईंनी दिवा लावला. अरी पुस्तक उघडून दाराकडे पाहत राहिला. चार वाजून वीस मिनिटांनी ऍरन धापा टाकत आत आला.

"आंटी, माझ्या डायरीत तीन ते सहा इथली अपॉइंटमेंट कोणी टाकली?"

"मी. तुझ्या सेक्रेटरीला फोन केला सकाळी. चांगली आहे मुलगी, तिने विचारलं तरी. टोपी घाल."

प्रार्थना झाली. अरीने पुस्तक मिटले.

पुढच्या रविवारी समितीची सभा झाली. ऍरनने मसुदा आणला होता : "तांत्रिक बिघाडामुळे तारखेत किरकोळ तफावत." बाईंचे नाव कोठेही नाही, त्यांची की परत देण्याचा ठरावही नाही. काहीही बिघडलेले नव्हते. चालणारी एक ओळ एका माणसाने न वाचता काढून टाकली होती.

ते इतिवृत्त माझ्या टेबलावर पडून आहे. बाईंची की परत मिळेपर्यंत त्यावर चिटणिसाची सही होणार नाही.