उजव्या खांद्यावरचे जानवे

अमरावतीच्या श्रीअंबामातेच्या चरणी मस्तक ठेवून, माझ्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने घडलेली एक गोष्ट लिहून ठेवतो. ज्या पाठशाळेत मी चाळीस वर्षे संस्कृत शिकवले, तिच्या माजी विद्यार्थ्यांनी त्या दिवशी वर्गात माझे चित्र लावण्याचे ठरवले. काम अकोल्याच्या एका चित्रकर्तीस दिले. ती दुकानांच्या पाट्या आणि उत्सवांचे पडदे रंगवीत असे. व्यक्तिचित्र तिला प्रथमच कोणी सांगितले होते. माझा अलीकडचा स्पष्ट फोटो घरात नव्हता. पूजा आटोपल्यावर नातीने शेजारी बसून मोबाइलवर घेतलेला सेल्फी तेवढा होता. तोच पाठवला गेला.

समारंभास चार दिवस उरले असता ती चित्र घेऊन आली. वरचे कापड काढताच मी मनोमन संतुष्ट झालो. सकाळी दाढी करताना आरशात जो वृद्ध मला भेटतो, तो तंतोतंत तेथे होता.

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि चष्मा लावून म्हणाली, "अहो, हे अपसव्य काहून? कोणाचं श्राद्ध करून राहिले?"

जानवे उजव्या खांद्यावर होते. एरवी ते डाव्या खांद्यावर असते. पितृकार्यापुरतेच उजव्यावर घेतात. वर्गाच्या भिंतीवर मी अखंड श्राद्धास बसलेला राहणार होतो.

चित्रकर्तीचा चेहरा उतरला. "गुरुजी, फोटोत होतं तसंच काढलं मी." तिने मोबाइल उघडून पाहिला आणि तिलाच उलगडा झाला. "सेल्फीत आरशासारखं उलटं येते. माझ्या ध्यानातच आलं नाही. जानवं तेवढं फिरवते, तासाभराचं काम आहे."

मी रुकार दिला.

"आन् तोंडाचं काय?" सौभाग्यवती म्हणाली.

"चेहऱ्याला काय झाले?"

"पडल्याची खूण तुमच्या डाव्या भुवईवर आहे, इथं उजवीवर आली. ओठ बी भलतीकडं झुकला."

"मला तर हाच मी वाटतो."

"तुमाले वाटंलच. तुमी आरशात पाहता. मी साठ वर्षांपासून समोरून पाहून राहिली."

आपण म्हणजे देह नव्हे, हे मी मुलांना आयुष्यभर समजावत आलो. आणि आता त्याच देहाच्या डाव्या-उजव्यासाठी मनात हट्ट धरून बसलो होतो. वर्गातल्या सतरंजीवरून ज्यांनी मला पाहिले, त्यांच्यासाठी ते चित्र होते. त्यांच्यापैकी कोणीही हा चेहरा पाहिलेला नव्हता.

"पुन्हा काढता येईल?" मी विचारले.

"तुम्ही समोर बसाल तर येईल. पण रविवारपर्यंत पुरं होईल, असा शब्द नाही देत."

ताणलेला दुसरा कॅनव्हास मिळण्यास अवधी नव्हता. तिने त्याच चित्रावर पांढरा रंग चढवला. माझ्या डोळ्यांदेखत तो परिचित वृद्ध कपाळापासून खाली झाकला गेला. बरे वाटले नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो.

पुढील तीन दिवस ती अकोल्याहून सकाळच्या गाडीने येई आणि मी ओसरीवर बसे. आयुष्यभर मी देवाकडे टक लावून बसलो होतो. माझ्याकडे कोणी इतका वेळ पाहत बसावे, हे अवघड वाटे.

"गुरुजी, फोटोसाठी धरता तसं तोंड धरू नका. बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"रामाची रूपं म्हणा," सौभाग्यवती आतून म्हणाली. "झोपेत बी तेच चालते यांचं."

मी सातही विभक्त्या म्हटल्या. चित्रकर्ती हसली, आणि कुंचला भराभर चालू लागला.

रविवारी चेहरा पूर्ण झाला होता. जानवे डाव्या खांद्यावर आले होते. दोन्ही हात मात्र कोळशाच्या रेषांतच राहिले होते. समारंभापुरते चित्र झाकून ठेवावे, असे विद्यार्थ्यांनी सुचवले. चित्रकर्तीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "लावा."

भिंतीवरच्या त्या गृहस्थाशी माझी ओळख नव्हती. पहिल्या रांगेत बसलेल्या सौभाग्यवतीने पदर सावरला आणि शेजारच्या बाईंना बोट दाखवून सांगितले, "हे आमचे."

मी त्या चित्रकर्तीस नमस्कार केला.

वाचकहो, तुमच्या घरी तुम्हांस समोरून पाहणारी माणसे दीर्घायू होवोत, आणि अंबामाता तुमच्या कुटुंबास अन्न, आरोग्य व सद्बुद्धी देवो.