वन्सं, पान सांगा की

पुस्तकाचा सिनेमा केला की पुस्तकाची वाट लागते, हे मी किती जणांशी भांडून सांगितलं असेल त्याला गणती नाही. आता कुणी तो विषय काढला की मी चहा टाकायला उठते. घरच्यांना वाटतं, वयाबरोबर हिची खुमखुमी जिरली. जिरली-बिरली काही नाही. त्या विषयावर बोलायला मला तोंड राहिलेलं नाही, एवढंच.

माझं माहेर हुपरीचं. घराच्या मागच्या बाजूला चांदीची भट्टी, तिथं दादा आणि कारागीर, आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली पैंजण जोडायला बसलेल्या घरातल्या बायका. बारीक कडी चिमट्यानं उचलायची, आधीच्या कडीत अडकवायची, पकडीनं तिचं तोंड दाबायचं, की पुढची कडी. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, मोकळे काय ते कान. मी तेव्हा कॉलेजला रोज एसटीनं कोल्हापूरला जात होते आणि बसमध्ये एक इंग्रजी कादंबरी वाचत होते. कादंबरी कसली, पाच खंड होते तिचे, एकेक उशाला घ्यावा एवढा. मराठी शाळेतून आलेली मी, मांडीवर डिक्शनरी घेऊन ते वाचायचे आणि कंडक्टर माझ्याकडं बघून हसायचा.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दहावी झालेली, माहेर सीमेकडचं, आईला अव्वा म्हणायची. एका संध्याकाळी काम करता करता म्हणाली, "काय ओ वन्सं, एवढं काय वाचत आस्तासा? आमालाबी सांगा की."

सांगायला लागले. नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं, गादी गेलेला एक राजपुत्र, डोंगरात झोपलेला आग ओकणारा सर्प, आणि लढाया तर विचारू नका. वहिनीला राजपुत्राचं काडीचं कौतुक नव्हतं. "त्येला काय धाड भरलीया? बापाची गादी गेली तर शेती करावी की," असं म्हणून तिनं त्याला पहिल्याच आठवड्यात निकालात काढला. तिला आवडली ती नावाडी म्हातारी. पुस्तकात तिला नावसुद्धा नव्हतं. सगळ्या खंडांत मिळून चाळीसेक पानं तिच्या वाट्याला आलेली. पळून आलेल्या माणसांना ती नावेतून पलीकडं सोडायची, आणि तू कुठल्या राज्याचा म्हणून कुणालाही विचारायची नाही. रोज मी बसले की वहिनीचा पहिला प्रश्न ठरलेला, "आमची म्हातारी कुठं हाय आज?"

तिसऱ्या खंडात ती म्हातारी मरते. नदीला आग लागलेली असते, सगळी माणसं पोचवून झालेली असतात, तेवढ्यात पलीकडून कुणाची तरी हाक येते. ती एकटी नाव फिरवते आणि परत येत नाही. मी ते सकाळी बसमध्ये वाचलं आणि अशी रडले की शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली.

त्याच आठवड्यात वहिनीची अव्वा कोल्हापुरात दवाखान्यात होती. वहिनी एक दिवसाआड जाऊन बसायची. म्हातारीनं नाव फिरवली इथपर्यंत मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी ती आली, पदरानं तोंड पुसलं, डबासुद्धा घासायला टाकला नाही, तो मांडीवर घेऊनच बसली. आणि म्हणाली, "सांगा वन्सं. म्हातारी परत गेलती न्हवं पल्याड? आली का?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. "आली," म्हणाले. "पोचली सुखरूप."

"बरं झालं बाई," असं म्हणून तिनं केवढा तरी श्वास सोडला. चार दिवसांनी अव्वा गेली.

मग काय, म्हातारीला मारायची सोयच राहिली नाही. पुढच्या दोन खंडांत ती नव्हतीच, तिला मी रोज बसमध्ये बसून घुसवायला लागले. राजपुत्राला जखम झाली तेव्हा हळद तिनं लावली. राणीनं अरेरावी केली तेव्हा "गप बस गं भवाने" असं भर दरबारात सुनावणारी तीच. काल ती कुठल्या काठाला होती हे विसरू नये म्हणून वहीत टिपून ठेवायचे. आणि खरं सांगते, काही ठिकाणी मूळ पुस्तकापेक्षा झकास जमलं होतं. वहिनी हसून हसून हातातली कडी खाली पाडायची. एकदा म्हणाली, "अव्वा गेली, पर ही एक हाय बघा." तेव्हा मला अंगावर काटा आला होता, पण बरंही वाटलं होतं.

पुढं मला शाहूपुरीत नोकरी लागली, लग्न झालं, मी कसबा बावड्याला राहायला आले. माहेरी गेले की गोष्ट थोडी थोडी पुढं सरकायची. पाचव्या खंडाची शेवटची शंभरएक पानं सांगायची राहिली होती.

त्याच काळात त्या कादंबरीवर सिनेमे यायला लागले आणि कोल्हापुरात आमचा एक कंपू जमला. बारा-पंधरा माणसं, सगळ्यांनी पाचही खंड पाठ केलेले. सिनेमा बघायचा आणि मग शाहूपुरीतल्या एका हॉटेलात दोन टेबलं जोडून त्याची चिरफाड करायची. राजपुत्राचे केस पुस्तकात काळे, इथं पिंगट का? सर्प तिसऱ्या प्रकरणात जागा होतो, ह्यांनी मध्यंतरापर्यंत झोपवलाच कसा? एक बँकेतले गृहस्थ होते, त्यांना सगळे सर म्हणायचे. त्यांचा एक नियम होता. सिनेमानं पुस्तक बदललं असं कुणी म्हणालं की ते बोट वर करून विचारायचे, "पान?" पान सांगता आलं तर तुमचं म्हणणं खरं, नाहीतर गप बसायचं. आणि पान सांगण्यात माझा हात धरणारा त्या टेबलावर कुणी नव्हता. कॉन्व्हेंटातनं शिकलेली पोरंसुद्धा मला विचारायची. हुपरीच्या एसटीत डिक्शनरी घेऊन बसलेल्या मला ते किती गोड लागायचं, काय सांगू! लेखकाचा शब्दसुद्धा बदलायचा ह्यांना अधिकार काय, असं मी टेबलावर हात आपटून म्हणायचे. मीच!

तिसरा सिनेमा आला तेव्हा वहिनीनं हट्ट धरला. "म्हातारीला बघायचं हाय मला. न्या मला." मी टाळाटाळ केली. तिकीट मिळत नाही म्हटलं, तुमची पोरगी लहान आहे म्हटलं. तिनं पोरीला माझ्या आईकडं सोडलं, लग्नात घालायची साडी नेसली आणि रविवारी दुपारी माझ्या दारात उभी. तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. चहा पिताना दोन मिनिटं लागली असती. पण मला वाटलं, ह्या सिनेमावाल्यांनी एवढं कापलंय, तर म्हातारीचा प्रसंगही कापला असेल. देवाला हात जोडले, कापलेला असू दे म्हणून.

कापला नव्हता. दुपारचा शो हिंदीतला होता, त्यामुळं वहिनीला सगळं कळत होतं. नदी पेटली, हाक आली, म्हातारीनं नाव फिरवली. वहिनीनं माझा हात घट्ट धरला. नाव बुडाली तसं तिनं माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "चुकीचं दावल्यात ओ ह्येनी." मी म्हटलं, "श्श."

बाहेर आल्यावर तिला बसमध्ये बसवून द्यावं असं माझ्या मनात होतं. पण कंपूतल्या एकीनं "वहिनींनाही घेऊन या की" असा आग्रह केला आणि आम्ही हॉटेलात जाऊन बसलो. त्या दिवशी गंमत अशी की सगळे सिनेमावर खूश होते. सर म्हणाले, "बाकी काही असो, तो नदीचा प्रसंग मात्र जसाच्या तसा. एक शब्द इकडचा तिकडं नाही."

वहिनी इतका वेळ पदर सावरून बसली होती. ती एकदम बोलली. कोल्हापुरी खणखणीत आवाज, शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. "न्हाय पावणं. पुस्तकात म्हातारी मरत न्हाय. परत येती ती. पुढं राणीला चांगली झापती. ह्येनी उगंच मारली तिला."

मग सरांनी हसत बोट वर केलं. "पान?"

वहिनी घाबरली नाही. उलट तिच्या तोंडावर हसू आलं. आपल्या बाजूचा हुकमी माणूस शेजारीच बसलाय म्हटल्यावर घाबरायचं कशाला? तिनं मला कोपरानं ढोसलं. "वन्सं, पान सांगा की."

पंधरा माणसं माझ्याकडं बघत होती. मला काय काय सांगता आलं असतं! ह्या बाईची आई दवाखान्यात होती आणि मला ते सांगवलं नाही, म्हणून मी गोष्ट बदलली, एवढं म्हटलं असतं तरी माणसं काही दगड नव्हती. पण मला दिसलं ते एवढंच, की लेखकाचा शब्द बदलू नये म्हणून टेबल बडवणारी मी, दोन खंड स्वतःच्या मनानं रचून सांगत होते. हे कळलं तर माझी काय किंमत राहील ह्या लोकांत?

मी हसले. मला आठवतंय, मी आधी हसले. आणि म्हणाले, "वहिनींनी पुस्तक वाचलेलं नाही हो."

सगळे हसले. वाईट नाही हसले, लहान मुलाचं बोलणं ऐकून हसावं तसं हसले. कुणीतरी वहिनीपुढं भज्यांची प्लेट सरकवली. सर म्हणाले, "असं होतं, असं होतं." वहिनीनं एक भजं उचललं आणि शेवटपर्यंत ते हातातच धरून बसली.

स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. हुपरीची गाडी लागलेली होती. ती खिडकीपाशी बसली, मी खाली उभी. तिनं विचारलं, "म्हंजी ती बुडलीच हुती व्हय?"

"हो," मी म्हणाले. "तुमची अव्वा आजारी होती म्हणून मी..."

"ते कळलं मला," ती म्हणाली. "खोटं सांगिटलासा त्येचं काय न्हाय. माझ्यासाठीच सांगिटलासा." मग म्हणाली, "पर तितं मला येकटी सोडलासा." तेवढ्यात ड्रायव्हर चढला आणि गाडी निघाली.

भांडण असं काही झालं नाही. मी माहेरी गेले की ती चहा देते, भाकरी वाढते, निघताना डब्यात खर्डा भरून देते. पण म्हातारी कुठं आहे असं तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. ती शंभर पानं तशीच राहिली. कंपूत मी आणखी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी सरांनी "पान?" म्हटलं आणि मला ते हॉटेलच नको वाटायला लागलं. कशाचा पस्तावा होतो म्हणाल तर त्या खोट्याचा नाही. एक गोष्ट आयुष्यात मी मनापासून केली, आणि लोकांपुढं माझी म्हणायची वेळ आली तेव्हा तिला ओळख दिली नाही, ह्याचा होतो.

ह्याला सात-आठ वर्षं झाली. गेल्या महिन्यात पाचवा खंड पिशवीत घालून हुपरीला गेले. उरलेली पानं मराठीत सांगीन, असं बसमध्ये दहादा घोकलं होतं. पुढच्या खोलीत वहिनी कड्या जोडत होती आणि तिची पोरगी, आता दहा वर्षांची, शेजारी पालथी पडून ऐकत होती. मला बघून म्हणाली, "आत्या, आई मला म्हातारीची गोष्ट सांगत्या!"

वहिनीनं मान वर केली नाही. सांगत राहिली. नदी पेटली, हाक आली, म्हातारीनं नाव फिरवली, आणि बुडली.

"मग?" पोरीनं विचारलं.

"मग काय न्हाय. बुडली."

"पुढं?"

"पुढचं मला म्हाईत न्हाय. छापल्यालं एवढंच हाय."

मला राहवलं नाही. मी पिशवीसकट खाली बसले आणि एका दमात बोलून टाकलं, "नाही गं. तुझ्या आईच्या गोष्टीत ती पोचते. ती गोष्ट मी रचली होती, मी. पुस्तकात नाही, पण आमच्या दोघींच्या गोष्टीत आहे. तुझ्या आईचं काहीसुद्धा चुकलं नव्हतं. चूक माझी होती."

पोरगी एकदा माझ्याकडं, एकदा आईकडं बघायला लागली. वहिनीनं चिमटा खाली ठेवला. रागावली नव्हती, आवाजही चढला नाही.

"हितं सांगून काय उपेग, वन्सं?" ती म्हणाली. "हितं कोण हसत न्हवतं."